हंगाम संपला, पेटी थंडीला तयार आहे का? – वाचकांचे प्रश्न

शेवटची मधकाढणी आणि पहिली कडाक्याची थंडी यांच्या मधल्या आठ-दहा आठवड्यांबद्दल या वेळी सर्वाधिक पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. सगळे आकडे मेलिफेरा (युरोपियन) माशीच्या, दहा फ्रेमच्या (पोळ्याच्या लाकडी चौकटींच्या) लँगस्ट्रॉथ पेटीसाठी आहेत. सातेरी या देशी माशीची वसाहत लहान आणि पेटीही लहान, त्यामुळे ही वजने आणि औषधांच्या मात्रा तिला जशाच्या तशा लावू नयेत.

प्रश्न: शेवटचा मध काढून झाला. थंडी पडायला अजून दोन-अडीच महिने आहेत आणि पेट्या माश्यांनी गच्च भरलेल्या आहेत. तयारी थंडीच्या तोंडावर केली तर चालणार नाही का?

उत्तर: नाही चालणार. आज पेटीत ज्या माश्या दिसतात, त्यांतली जवळजवळ एकही ऐन थंडीत जिवंत नसेल. कामाच्या दिवसांत कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. थंडी काढणारी पिढी वेगळी असते. तिच्या पोटातला मेदपिंड भरलेला असतो, व्हिटेलोजेनिन हे प्रथिन तिने साठवलेले असते आणि पिल्ले पोसण्याचे काम तिच्या वाट्याला फारसे येत नाही. म्हणून ती चार ते सहा महिने टिकते. थंडीच्या आधीच्या सहा-आठ आठवड्यांत राणी जी अंडी घालते, त्यांतून ही पिढी बाहेर पडते.

आता उलटे मोजत या. अंड्यापासून कामकरी माशी तयार व्हायला २१ दिवस लागतात. ती अळी असताना तिला भरवणारी दाईमाशी धडधाकट हवी, म्हणजे त्या दाईमाश्यांची पिढीही वरोआपासून (माशीवर जगणाऱ्या बारीक परजीवी माइटपासून) वाचलेली हवी. वरोआवरचा उपचार पुरा व्हायला चार ते आठ आठवडे जातात. हे सगळे जमवायचे तर मधकोठी (मध साठवायची वरची कोठी) उतरवली त्याच आठवड्यात कामाला हात घालावा लागतो.

वरोआ माइट माशीच्या नेमक्या त्या मेदपिंडावरच जगतो आणि जाता जाता पंख वेडेवाकडे करणारा विषाणू टोचून जातो. थंडीच्या तोंडावर औषध दिले तर माइट मरतात, पण आतून पोखरलेली माशी काही पुन्हा भरून येत नाही. मग ठरलेले चित्र दिसते: थंडी सुरू होताना भरलेली पेटी, दोन महिन्यांनी उघडली तर मूठभर माश्या, त्यांत राणी आणि दोन्ही बाजूंना हात न लावलेला मध. अशा वसाहतीला लोक ‘थंडीने मेली’ म्हणतात. थंडीने ती मरत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी वरोआ, मग राणी आणि माश्यांचे बळ, मग खाद्य, आणि शेवटी दार-झाकण. पेटीचे पांघरूण सगळ्यात आधी विकत आणले जाते, पण या यादीत त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

प्रश्न: पिठीसाखरेने माइट मोजून पाहिले. ३०० माश्यांत ४ सापडले. एवढ्यासाठी औषध द्यावे का? द्यायचे तर कोणते?

उत्तर: ४ भागिले ३०० म्हणजे सव्वा-दीड टक्क्याच्या आसपास. थंडीआधी २ ते ३ टक्के, म्हणजे ३०० माश्यांत ६ ते ९ माइट, ही उपचाराची रेषा धरली जाते. तुम्ही रेषेच्या खाली आहात, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, पेटीत पिलावा (अंडी, अळ्या, कोष) असताना बहुतेक माइट सीलबंद घरांत कोषांवर असतात आणि ते या मोजणीत येतच नाहीत. दोन, हंगाम उतरला की पिलावा आक्रसतो, पण माइट तेवढेच राहतात. त्यामुळे तीन आठवड्यांनी काहीही न बदलता हाच आकडा दुप्पट दिसू शकतो. हंगामाच्या मध्यावर ४ सापडले असते तर थांबा म्हटले असते. आत्ता, हिवाळी माश्या तयार होण्याच्या उंबरठ्यावर, उपचार करावा असे आमचे मत आहे.

मोजणीची पद्धतही तपासून घ्या. माश्या उघड्या अळ्यांच्या फ्रेमवरून घ्यायच्या, कारण माइट दाईमाश्यांवर जास्त असतात. दारातल्या किंवा मधाच्या फ्रेमवरच्या माश्या घेतल्या की आकडा फसवा कमी येतो. फ्रेमवर राणी नाही ना हे दोनदा पाहा. माश्या एका घमेल्यात झटका आणि तिथून १२० मिलिलिटरच्या मापाने घ्या. भरलेल्या मापात साधारण ३०० माश्या बसतात. त्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत टाकून वरून दोन मोठे चमचे कोरडी पिठीसाखर घाला, बरणी घोळवा आणि दोन मिनिटे सावलीत ठेवा. मग बरणी उलटी धरून मिनिटभर जोरात हलवा आणि पांढऱ्या ताटात पडलेल्या साखरेवर पाणी फवारा. साखर विरघळते आणि लालसर-तपकिरी, आडवे लंबगोल माइट उघडे पडतात. हवा दमट असेल तर साखरेच्या गुठळ्या होतात आणि मोजणी निकामी ठरते. खात्रीचा आकडा हवा असेल तर त्याच ३०० माश्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिनिटभर हलवून मोजा. त्या माश्या मरतात. भरल्या वसाहतीला ३०० माश्यांचे नुकसान जाणवत नाही, चुकीची मोजणी मात्र महागात पडते.

औषध हवामान आणि पिलावा पाहून ठरते. थायमॉलला दिवसाचे तापमान १५ अंशांच्या वर लागते, नाहीतर त्याची वाफच होत नाही. त्याचे दोन हप्ते दोन आठवड्यांच्या अंतराने देतात. फॉर्मिक आम्ल हे सीलबंद घरांच्या आत पोचणारे औषध आहे. ते दिवसाचे कमाल तापमान १० ते २९ अंशांच्या दरम्यान असतानाच ठेवावे. पहिल्या तीन दिवसांत गरमी याच्या वर गेली तर पिलावा जळतो आणि राणीही जाऊ शकते. अमित्राझच्या पट्ट्या दर पाच फ्रेम माश्यांमागे (म्हणजे माश्यांनी झाकलेल्या पाच फ्रेममागे) एक, पिलाव्याच्या मधोमध, सहा ते आठ आठवडे ठेवतात. मुदत संपली की त्या काढल्याच पाहिजेत. थंडीभर पेटीत विसरलेली पट्टी थोडे थोडे औषध सोडत राहते आणि त्यालाच सरावलेले माइट पुढच्या वर्षी मरत नाहीत. ऑक्झॅलिक आम्ल सीलबंद घरात शिरत नाही, म्हणून त्याची खरी जागा नंतर, राणीने अंडी घालणे थांबवल्यावर. १ किलो साखरेला १ लिटर पाणी या हिशेबाने केलेल्या १ लिटर पाकात ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल डायहायड्रेट विरघळवून, दोन फ्रेममधल्या माश्यांनी भरलेल्या प्रत्येक फटीत सिरिंजने ५ मिलिलिटर सोडतात. पूर्ण पेटीला जास्तीत जास्त ५० मिलिलिटर, आणि एका थंडीत एकदाच. हातमोजे आणि चष्मा हवाच. तुमच्या भागात ज्या औषधाला परवानगी आहे तेच घ्या आणि त्याच्या लेबलवरचे प्रमाण अंतिम माना. थायमॉल आणि अमित्राझ देताना पेटीवर मधकोठी नको. थायमॉलचा वास मधात उतरला की निघत नाही.

उपचार संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. ही दुसरी मोजणी बहुतेक जण करत नाहीत. औषध लागू पडले नसेल, किंवा परिसरातली एखादी कोसळलेली वसाहत लुटून तुमच्या माश्यांनी माइट घरी आणले असतील, तर ते इथेच कळते.

प्रश्न: एका पेटीत किती मध ठेवावा? वजनकाटा नाही, नुसते उचलून अंदाज घेतो. पाक किती आणि कसा द्यावा?

उत्तर: सौम्य थंडीत १० ते १५ किलो पुरतो. लांबलेल्या, सलग थंडीच्या भागात १८ ते २७ किलो लागतो आणि बर्फाळ मुलखात त्याहून अधिक. तुमच्याकडे फुलोरा बंद झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत किती आठवडे जातात, त्यावरून ठरवा. सर्वांत जास्त खाद्य कडाक्याच्या थंडीत संपत नाही. थंडी ओसरताना राणी पुन्हा अंडी घालू लागते, पिलाव्यासाठी घोळक्याचे (एकमेकींना चिकटून बसलेल्या माश्यांच्या गोळ्याचे) तापमान ३४-३५ अंशांवर न्यावे लागते आणि मध झरझर उतरतो. उपाशी वसाहती बहुतेक तेव्हाच मरतात.

उचलून घेतलेला अंदाज रिकाम्या आणि भरलेल्या पेटीतला फरक सांगतो, १२ आणि १८ किलोतला नाही. साधा लटकता स्प्रिंगकाटा आणा. पेटीची एक बाजू तळपाटाखालून जेमतेम उचलून आकडा लिहा, मग दुसरी बाजू. दोन्हींची बेरीज हे पेटीचे वजन. त्यातून रिकामी पेटी, झाकण, तळपाट, रिकामी पोळी आणि माश्या (१०,००० माश्या म्हणजे सुमारे १ किलो) वजा करा. काटा नसेल तर फ्रेम मोजा: खालच्या कोठीची मोठी फ्रेम दोन्ही बाजूंनी काठोकाठ सीलबंद असेल तर तीत अडीच ते तीन किलो मध धरावा.

समजा २० किलो हवा आणि १२ आहे. तूट ८ किलो. माश्या पाक आटवून साठवताना थोडी साखर स्वतः खातात आणि साठ्यात थोडे पाणीही उरते. या दोहोंची वजाबाकी करत न बसता जेवढी तूट तेवढीच साखर धरा, हिशेब थोडा सुरक्षित बाजूला राहतो. म्हणजे ८ किलो साखर, ४ लिटर पाणी. त्याचा साधारण ९ लिटर पाक होतो. पाणी तापवा, भांडे चुलीवरून उतरवा आणि मगच साखर घालून ढवळा. पाक उकळत ठेवू नका. साखर करपली, किंवा लिंबू-व्हिनेगर घालून शिजवला, तर त्यात एचएमएफ (साखर तापून बनणारे रसायन) वाढते आणि ते माश्यांना विषारी आहे. गूळ, तपकिरी साखर, काकवी हे काही नको. त्यांतला न पचणारा भाग पोटात साठतो आणि थंडीत बाहेर पडता न आल्याने माश्या पेटीतच हगतात.

वेळेची मेख अशी की फार लवकर आणि फार भराभर पाक दिला, तर माश्या पिलाव्याच्या जागेतही तो भरून टाकतात आणि हिवाळी माश्यांची अंडी घालायला राणीला घर उरत नाही. म्हणून पहिले तीन-चार आठवडे फक्त उपाशी पेटीलाच द्या. मधल्या फ्रेमवरचा पिलावा आकसू लागला की बाकीचा साठा एकदोन आठवड्यांत मोठ्या फीडरने (पाक ठेवायच्या भांड्याने) भरून घ्या. पातळ पाक (साखरेइतकेच पाणी घातलेला) या दिवसांत देऊ नका. तो आटवण्यातच माश्या झिजतात आणि फुलोरा आल्याच्या समजुतीने पिलावा वाढतो. दिवसाचे तापमान १० अंशांच्या खाली उतरले की माश्या पाकाकडे फिरकत नाहीत, आणि तसा पाक आत राहिला तर आंबतो. त्यानंतर फाँडंट (साखरेचा घट्ट, मऊ गोळा), नाहीतर फ्रेमच्या माथ्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर किंचित ओली केलेली साखर. ही तात्पुरती सोय आहे. साठा म्हणून तिच्यावर विसंबू नये.

प्रश्न: ओळखीच्याकडे जुना मध पडून आहे. साखरेपेक्षा तो माश्यांना बरा नाही का?

उत्तर: ज्या पेटीतला मध तिलाच परत, एवढेच. अनोळखी मधात अमेरिकन फाउलब्रूड या अळ्या कुजवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू असू शकतात. ते दशकानुदशके जिवंत राहतात, मध गरम केल्याने मरत नाहीत आणि दिसत तर नाहीतच.

प्रश्न: पाक ठेवल्यापासून एका पेटीच्या दारात प्रचंड गर्दी आहे. ही लूट की कोवळ्या माश्यांचे उड्डाण? आणि लूट असेल तर थांबवायची कशी?

उत्तर: कोवळ्या माश्या दुपारी येतात, तोंड पेटीकडे करून समोर अर्धगोल घिरट्या घालतात आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळे शांत होते. लूट अंधार पडेपर्यंत चालते. लुटारू माश्या दारावर सरळ न उतरता डावी-उजवीकडे हेलकावत राहतात, झाकणाच्या आणि कोपऱ्याच्या फटी हुंगतात. त्यांतल्या बऱ्याच जणी केस झडून काळ्या, तुळतुळीत झालेल्या असतात. उतरणफळीवर दोन-दोन माश्या एकमेकींना कवटाळून गडगडताना दिसतात. आत शिरणाऱ्या हलक्या आणि बाहेर पडणाऱ्या पोट फुगलेल्या, जड. तळपाटावर मेणाच्या टोपणांचा खरबरीत भुगा सापडला तर शंकाच नको.

दार ताबडतोब एक-दोन माश्या जातील एवढे अरुंद करा. पूर्ण बंद करू नका, आतल्या माश्या गुदमरतात. पेटीवर ओले फडके किंवा चादर टाका, ती दारापर्यंत लोंबू द्या. घरच्या माश्या वाट काढतात, परक्या गोंधळतात. फीडर संध्याकाळपर्यंत काढून घ्या. फटी चिखलाने किंवा टेपने बुजवा. एवढ्याने थांबले नाही तर जाळीची लूटरोधक चौकट दाराला लावा, किंवा पेटी रात्री तीन-चार किलोमीटर लांब हलवा.

मुळात हे होते कशामुळे? फुलोरा संपलेला असतो, दुपारी पेटी वीस मिनिटे उघडी राहते आणि पाकाचे चार थेंब जमिनीवर सांडतात. पाक नेहमी तिन्हीसांजेला, माश्या परतल्यावर, आतल्या फीडरमध्ये द्या. दार आधीच लहान करा. सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्या, म्हणजे कमजोर पेटी एकटी नजरेत भरत नाही. पाकात वासाची तेले घालण्याची टूम लुटीला आमंत्रणच देते. उघड्यावर परातीत पाक ठेवू नका. त्यात बळकट वसाहतीच जास्त नेतात, आणि रोग सगळ्यांना वाटून मिळतो.

गांधीलमाश्यांचा त्रास असेल तरी पहिला उपाय हाच, लहान दार.

प्रश्न: चार पेट्यांपैकी दोन कमजोर आहेत. एकीत साडेतीन फ्रेम माश्या, दुसरीत चार. दोन्ही जगवायच्या आहेत. पाक वाढवू का?

उत्तर: पाकाने माश्या वाढत नाहीत, निदान या दिवसांत नाहीत. घोळक्याच्या पृष्ठभागातून उष्णता जाते आणि आतल्या माश्या ती तयार करतात. घोळका लहान असेल तर दर माशीमागे पृष्ठभाग जास्त पडतो. थंडीच्या तोंडावर सात-आठ फ्रेम माश्या असाव्यात. पाचच्या खालची वसाहत पूर्ण पेटीत क्वचितच तग धरते. दोन कमजोर पेट्या जपून दोन्ही गमावण्यापेक्षा एक धड पेटी करावी. थंडीनंतर तिचेच विभाजन करून दोन करता येतात.

पण जोडण्याआधी त्या कमजोर का आहेत ते पाहा. सीलबंद घरांची टोपणे खोलगट, भोके पडलेली आणि तेलकट दिसत असतील तर काडी आत खुपसून हळू ओढा. तपकिरी, चिकट तार दोन-तीन सेंटिमीटर ताणली गेली तर तो अमेरिकन फाउलब्रूड. ती पेटी कशालाच जोडायची नाही, तिच्या फ्रेम दुसरीकडे द्यायच्या नाहीत आणि रोगाची खबर संबंधित विभागाला द्यायची. माइटचा भार जास्त असेल तर आधी उपचार, मग जोडणी.

रोग नसेल तर वर्तमानपत्राची जुनी रीत अजूनही सर्वांत भरवशाची. दोन्ही पेट्या रोज अर्धा-एक मीटर सरकवत शेजारी आणा. जी राणी नको ती आदल्या दिवशी काढा. दोन राण्या ठेवून ‘लढू द्या’ म्हणणे चूक आहे, कारण जिंकलेली राणीही जायबंदी असू शकते. संध्याकाळी बळकट पेटीच्या फ्रेमवर वर्तमानपत्राचा एक पदर पसरा, खिळ्याने सात-आठ बारीक छिद्रे पाडा आणि त्यावर राणी काढलेली कोठी तळपाटाशिवाय ठेवा. दोन कोठ्यांमध्ये फट नको. तीन-चार दिवसांत दारात कागदाचा चोथा दिसू लागतो. आठवडाभर उघडू नका. मग दोन्ही कोठ्यांतल्या चांगल्या फ्रेम एका कोठीत आणा: मधोमध पिलावा, त्याला लागून परागकणांच्या फ्रेम, कडेला मध.

मधोमध काठोकाठ मधाची फ्रेम ठेवू नका. माश्या रिकाम्या घरांत शिरून एकमेकींना चिकटून बसतात. भरलेल्या पोळ्यावर घोळका घट्ट बसत नाही, मधली सीलबंद फ्रेम त्याचे दोन तुकडे करते.

प्रश्न: पेटीत ना राणी दिसली, ना अंडी. नवी राणी घालावी का?

उत्तर: आधी राणी खरोखर नाही का ते ठरवा. फुलोरा आटल्यावर राणी अंडी कमी करते, कधी काही आठवडे थांबवतेही, आणि अशी सडपातळ झालेली राणी फ्रेमवर सहज नजरेतून सुटते. दुसऱ्या पेटीतली अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली एक फ्रेम, माश्या झटकून, मधोमध ठेवा. चार दिवसांनी पाहा. पोळ्याच्या तोंडावर शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरे बांधू लागल्या तर राणी नाही. नुसता पिलावा पोसत असतील तर राणी आहे, तिला शोधत बसू नका.

आणखी एक खूण म्हणजे नर. बाकीच्या पेट्यांनी नरांना हाकलले आणि हीच वसाहत त्यांना सांभाळून असेल तर राणी नसण्याचा किंवा ती निकामी असण्याचा संशय घ्यावा.

राणी नसेल तर वसाहतीला स्वतः राणी करू द्यायची वेळ गेली. राणी बाहेर यायला १६ दिवस, मिलनाला आणखी आठवडा-दोन आठवडे, आणि तोवर हवेत नर उरणार नाहीत, उडण्याजोगी उबही नाही. मिलन झालेली राणी मिळत असेल आणि सहा-सात फ्रेम माश्या असतील तर पिंजऱ्यातून घाला. नाहीतर राणी असलेल्या पेटीला जोडा. एकेका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, आणि कामकऱ्यांच्या घरांवर फुगीर टोपणे दिसली तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. त्या नवी राणी स्वीकारत नाहीत. अशा पेटीच्या फ्रेम बळकट पेट्यांसमोर झटकून वसाहत मोडावी.

प्रश्न: गेल्या थंडीत पेटीला जाड गोणपाट आणि प्लास्टिक गुंडाळले. आत पाणी टपकत होते, पोळ्यांना बुरशी आली आणि वसाहत गेली. काय चुकले?

उत्तर: प्लास्टिक. १ किलो मध माश्यांनी खाल्ला की त्यातून साडेसहाशे-सातशे ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते: थोडे मधातलेच, बाकीचे साखर जळून तयार झालेले. थंडीभरात १५ किलो मध संपला तर हे जवळपास १० लिटर होते. ही वाफ वर जाते, थंड झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि घोळक्यावर पडतात. कोरडी थंडी माश्या सोसतात. साधारण १४ अंशांच्या खाली त्या घोळका करून बसतात, आतल्या माश्या पंखांचे स्नायू थरथरवून ऊब करतात आणि बाहेरच्या थराला १० अंशांच्या आसपास ठेवतात. ओली माशी मात्र त्या थरातून गळून पडते.

म्हणून पहिली ऊब झाकणाला द्या, भिंतींना नंतर. आतल्या झाकणावर चार-पाच सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलचा किंवा दाट फोमचा तुकडा, कडेपर्यंत नीट बसेल असा कापून ठेवा. वरची बाजू उबदार राहिली की पाणी तिथे न जमता गार भिंतींवर जमते आणि ओघळून खाली जाते. पेटी पुढच्या बाजूला एक-दोन सेंटिमीटर कलती करा, म्हणजे ते दारातून निघून जाईल. ओल फार असेल तर आतल्या झाकणाच्या पुढच्या कडेला बोटाएवढी खाच पुरते. मोठे भोक पाडू नका, उबेची चिमणी होते. पेटी गुंडाळायचीच असेल तर श्वास घेणारे कापड किंवा डांबरी कागद वापरा, आणि दार व खाच मोकळी ठेवा. वारा अडवण्यासाठी बाजूला कुंपण किंवा गवताचा आडोसा केला तर गुंडाळण्याची गरज बऱ्याच ठिकाणी पडत नाही.

याच वेळी दोन कामे उरका. राणीजाळी (राणीला मधकोठीत जाऊ न देणारी जाळी) काढा: घोळका मधाच्या मागे वर सरकतो, राणी जाळीखाली अडकते आणि गारठून मरते. आणि दाराला उंदीररोधक पट्टी लावा; ९ ते १० मिलिमीटरच्या भोकांतून माशी जाते, उंदीर जात नाही. पट्टी लावण्याआधी उंदीर आत नाही ना, ते बघून घ्या.

प्रश्न: काढलेल्या मधकोठ्यांतली रिकामी पोळी दर वर्षी मेणकिडा खातो. डांबरगोळ्या ठेवल्या तर?

उत्तर: डांबरगोळ्या अजिबात नकोत. त्यातले रसायन मेणात मुरते आणि पुढच्या वर्षीच्या मधात येते. मध काढलेली ओली पोळी आधी पेटीवर, आतल्या झाकणाच्या वर, दोन-तीन दिवस ठेवून माश्यांकडून चाटून कोरडी करून घ्या. मग उणे १८ अंशांवर ४८ तास गोठवा, त्यात अंड्यांसकट सगळे मरते. बाहेर काढल्यावर ती सामान्य तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पोळ्यांवर दव धरते. नंतर पिशवी घट्ट बंद ठेवा. फ्रीझर नसेल तर फ्रेम विरळ, उभ्या, उजेडात आणि वाऱ्यावर टांगा. मेणकिड्याला अंधार आणि कोंदटपणा आवडतो. ज्या पोळ्यांत पूर्वी पिलावा होता ती तो आधी धरतो, कारण त्याच्या अळीला कोषांची कात आणि परागकण हवे असतात. काळी पडलेली, जुनी पोळी साठवण्यापेक्षा वितळवा.

प्रश्न: थंडीत दारात मेलेल्या माश्या दिसतात आणि आतून आवाज येत नाही. उघडून पाहू का?

उत्तर: रोज काही माश्या मरणारच, आणि ऊन पडल्यावर जिवंत माश्या त्यांना बाहेर टाकतात. दारात मढी साचून वाट बुजली असेल तर वाकवलेल्या तारेने ओढून काढा. जिवंतपणा पाहायला कान पेटीला लावून बोटाने एकदा टिचकी मारा: क्षणभर ‘भर्र’ होऊन आवाज लगेच विरला तर ठीक. लांबलेला, विस्कळीत गुणगुणाट राणी नसण्याची किंवा उपासमारीची शक्यता सांगतो.

१० अंशांच्या खाली फ्रेम उचलू नका. वजन घटले असेल, किंवा घोळका झाकणाला टेकला असेल, तर निवांत, उन्हाची दुपार पाहून झाकण मिनिटभर बाजूला करा आणि फाँडंटचा एक-दीड किलोचा चपटा गोळा थेट घोळक्याच्या माथ्यावर ठेवा. बाजूला ठेवलेला उपयोगाचा नाही. गारठ्यात घोळका चार बोटे आडवा सरकत नाही. मेलेल्या पेटीत शेजारच्या फ्रेमवर मध आणि इकडे घरांत डोकी खुपसून मेलेल्या माश्यांच्या रांगा दिसतात, त्या यामुळेच. पेटीच्या दर्शनी भागावर आणि फ्रेमच्या माथ्यावर पिवळे-तपकिरी ओघळ असतील तर ती हगवण. तिच्यावर थंडीत करण्यासारखे फारसे नसते. बाहेर १२ अंशांच्या वर ऊन पडले की दार मोकळे आहे ना ते पाहा, माश्या बाहेर पडून पोट साफ करतील. चांगल्या ऋतूत ३० माश्यांची पोटे तपासून नोसेमा (माशीच्या आतड्याचा रोग) आहे का ते बघून घ्या आणि डागाळलेली पोळी वितळवायला काढा.